पीपीपी प्रकल्पांवर नजर ठेवायला सरकारी मंडळ आहे म्हणतात. ते नेमकं बघतं काय?

हालोल_अपडाऊन

मंडळी, प्रश्न सरळ आहे, उत्तर बहुधा नसेल.

आपल्या गुजरातेत रस्ते, बंदरं, बसस्थानकं खासगी भागीदारीत (पीपीपी) बांधायची असतील तर त्यासाठी एक सरकारी मंडळ आहे. गुजरात इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे जीआयडीबी. १९९५ ला स्थापन झालं, १९९९ मध्ये त्याच्यासाठी वेगळा कायदा आला, अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. असा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो, हे भाषणांत ऐकलेलं आहेच.

मी नोकरीसाठी रोज वडोदरा-हालोल रस्त्याने जातो. हा रस्ता म्हणजे देशातल्या सुरुवातीच्या पीपीपी राज्य महामार्गांपैकी एक. ३२ किलोमीटर, चौपदरी, २००० साली सुरू झाला. तेव्हा परदेशी पाहुणे बघायला यायचे म्हणे. या रस्त्यावर कधी खड्डा पडला, दिवे गेले, दुभाजक तुटला, तर तक्रार कुणाकडे करायची हे मला कुणी धड सांगू शकलेलं नाही. टोलनाक्यावर विचारलं तर कंपनीचं नाव सांगतात. कंपनीला फोन लावला तर ‘करारात बघावं लागेल’. करार कुठे बघायचा? तर ‘गांधीनगरला’.

माझं मत स्पष्ट आहे. ही देखरेख करणारी मंडळं म्हणजे मंजुरीचा शिक्का मारायचं टेबल. शिक्का मारला की काम संपलं. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी समजावून सांगा.

सेवउसळ_तर्री_मारके

गांधीनगरला जाऊन करार बघायचा तर एक्स्प्रेसवेने जावं लागेल. त्याचा टोल पण पीपीपीच. म्हणजे पीपीपीची तक्रार करायला पीपीपीला पैसे भरून जायचं. वाह भाई वाह.

खातेवही

हालोलदादा, ‘शिक्क्याचं टेबल’ हे थोडं अन्यायाचं आहे. मी सी.ए. आहे, अशा दोन-तीन प्रकल्पांचे हिशेब बघितले आहेत, म्हणून सांगते.

असं मंडळ असण्याआधी काय व्हायचं? एखाद्या खात्याचे सचिव आणि एखादी कंपनी बसून वाटाघाटी करायची. ना स्पर्धा, ना ठरलेला नमुना. वडोदरा-हालोलचा करार कायद्याच्या आधीचाच आहे, हे लक्षात घ्या. कायदा आल्यावर निदान एवढं ठरलं की कुठल्या प्रकारचे प्रकल्प खासगीला देता येतील, निविदा कशी निघेल, सरकार कुठली मदत देऊ शकेल आणि कुठली नाही. प्रकल्प मुळात परवडतो का, वाहतुकीचा अंदाज खरा का फुगवलेला, जोखीम कुणाच्या गळ्यात, हे तपासणं मंडळाचं काम.

केंद्रात हेच काम पीपीपीएसी नावाची समिती करते. २००६ पासून, आर्थिक व्यवहार सचिवांच्या अध्यक्षतेखाली. आणि जो प्रकल्प लोकांच्या गरजेचा आहे पण नुसत्या टोलवर उभा राहू शकत नाही, त्याला व्हायबिलिटी गॅप फंडिंग, म्हणजे तूट भरून काढायला अनुदान मिळतं. केंद्राकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत, आणि वर तेवढंच राज्य किंवा संबंधित खातं देऊ शकतं. पाणी, सांडपाणी, आरोग्य, शिक्षण यांच्यासाठी २०२० मध्ये ही मर्यादा आणखी वाढवली. कुणाला किती द्यायचं हे ठरवायला कुणीतरी आकडेमोड करणारं लागतंच ना? ते टेबल नसेल तर जो मोठ्याने बोलेल त्याला पैसे.

दांडियाबाजारकर

खातेवहीताई, तुम्ही जे सांगितलंत त्यावरून तर हे मंडळ म्हणजे लग्न जुळवणारे काका झाले. पत्रिका बघितली, देणंघेणं ठरवलं, मांडवात मिरवले, पंगतीत बासुंदी हाणली. मुलगी सासरी गेल्यावर काकांचा फोन कायम ‘स्विच ऑफ’.

सेवउसळ_तर्री_मारके

आणि हे लग्न तीस वर्षांचं, घटस्फोट घ्यायचा तर पोटगी सरकारच्या खिशातून.

दांडियाबाजारकर

पोटगी खरंच द्यावी लागते का हो? थट्टा नाही, विचारतोय.

खातेवही

लागते. महामार्गांच्या नमुना करारात कलम आहे. कंपनीच्याच चुकीमुळे करार मोडला, तरी सरकारने थकीत कर्जाच्या ९० टक्के द्यायचे, विम्याचे पैसे वजा करून. उद्देश असा की बँका कर्ज द्यायला तयार व्हाव्यात. परिणाम असा की बँक फारशी चौकशी करत नाही.

मृणाल_मांजलपूर

विनोद चालू दे, पण वडोदऱ्यातल्या माणसाने हा विषय हरणीशिवाय बोलू नये.

१८ जानेवारी २०२४. हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. तो तलाव महापालिकेने २०१७ मध्ये पीपीपीवर विकसित करायला दिला होता. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ज्याला काम दिलं तो पात्रच होता का, यावरून महापालिकेला खडसावलं.

मला एवढंच विचारायचंय. सात वर्षांत त्या घाटावर उभं राहून ‘किती बोटी, किती जॅकेट, चालवणाऱ्याकडे परवाना आहे का’ हे मोजणं ज्याच्या नोकरीचा भाग आहे असा एक तरी माणूस होता का? गांधीनगरचं मंडळ मोठ्या प्रकल्पांसाठी. असले लहान करार स्थायी समितीत मंजूर होतात, फाइल कपाटात जाते. लहान करारांनीच लहान मुलं गेली.

हालोल_अपडाऊन

मृणालताई, माझ्या प्रश्नाचा गाभा हाच होता, मला मांडता आला नाही एवढंच. मोरबीचंही तेच ना. झुलता पूल १५ वर्षांच्या कराराने देखभालीला दिला, मार्च २०२२ मध्ये. दुरुस्तीनंतर ऑक्टोबरात उघडला, नगरपालिकेचं प्रमाणपत्र न घेता. चार दिवसांनी तुटला, १३५ माणसं गेली.

पुणेरी_जावई

सासरवाडी वडोदरा, म्हणून बोलायचा अधिकार आहे असं समजतो. मुळात हे सगळं सरकारनेच बांधावं. खासगीला नफा हवा, नफ्यासाठी तो देखभालीत हात आखडणार. ज्या कामासाठी आपण कर भरतो ते काम दुसऱ्याला द्यायचं, आणि मग त्याच्यावर नजर ठेवायला तिसरं मंडळ. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

रावपुऱ्याचा_राजू

जावईबापू, गंभीरा पूल आठवतो का? महीसागरवरचा, वडोदरा आणि आणंद जोडणारा. १९८५ चा, शंभर टक्के सरकारी, टोल नाही, कंपनी नाही. ९ जुलै २०२५ ला सकाळी मधला भाग खाली आला, ट्रक आणि पिकअप नदीत. वीसच्या आसपास माणसं गेली. पूल हलतो म्हणून आसपासच्या गावकऱ्यांनी आधीपासून तक्रारी केल्या होत्या. तिथे कुठला नफा आड आला?

पुणेरी_जावई

मुद्दा मान्य नाही, पण उदाहरण बिनतोड आहे.

निवृत्त_ओव्हरसियर

आता मी थोडं लिहितो. माझी सगळी नोकरी रस्त्यावर गेली, सरकारी खात्यात, आणि शेवटची काही वर्षं टोल रस्त्यांच्या कामाशी संबंध आला.

राजू म्हणतात तसं, सरकारी की खासगी हा प्रश्न दुय्यम आहे. कोण मोजतं आणि मोजलेलं कोण वाचतं, एवढंच खरं.

पीपीपी रस्त्याचा करार वाचलात तर थक्क व्हाल, इतकं त्यात लिहिलेलं असतं. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना कराराला एक परिशिष्ट आहे, देखभालीचं. त्यात प्रत्येक दोष आणि तो दुरुस्त करायची मुदत. खड्डा, ४८ तास. एका किलोमीटरच्या पट्ट्यात पाच टक्क्यांहून जास्त पृष्ठभागाला भेगा, ३० दिवस. चाकोरी दहा मिलिमीटरपेक्षा खोल गेली, ३० दिवस. रस्त्याचा खडबडीतपणा बंप इंटिग्रेटर नावाच्या यंत्राने मोजायचा. गाडीमागे एक चाक लावलेलं असतं, ते जितकं वरखाली होतं त्याची बेरीज होत जाते. किलोमीटरला २७५० मिलिमीटरच्या वर गेली की १८० दिवसांत रस्ता नीट करायचा. आमच्या सरकारी रस्त्यांना असा कागदच नव्हता. आम्ही खड्डे बुजवायचो ते निधी आला की, नाहीतर मंत्री आले की.

म्हणजे कागदावर पीपीपीचा रस्ता आमच्या रस्त्याहून जास्त शिस्तीचा. मग बिघडतं कुठे? हे सगळं तपासायला स्वतंत्र अभियंता नेमतात, इंडिपेंडंट इंजिनियर. म्हणजे एक सल्लागार कंपनी. तिची फी जुन्या नमुन्यात अर्धी सरकारने आणि अर्धी कंत्राटदार कंपनीने द्यायची. अहवाल ठरलेल्या दिवशी येतो. जाडजूड असतो, फोटो असतात, प्रत्येक फोटोखाली साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्यावरचं नेमकं ठिकाण. तो येतो कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर. त्या साहेबांकडे आणखी चार विभागांचा कार्यभार. ते ‘बघितलं’ म्हणून सही करतात, कारकून आवक नोंदवतो, अहवाल रॅकवर. कराराप्रमाणे दंड लावायचा तर नोटीस काढावी लागते, नोटिशीला कंपनीचे वकील उत्तर देतात, उत्तराला प्रत्युत्तर द्यायला आपल्याकडे विधी सल्लागार लागतो, तो सुट्टीवर.

मी स्वतः तो खडबडीतपणाचा तक्ता हातात धरून बसलो आहे. एका पट्ट्याचा आकडा मर्यादेच्या वर होता, पुढच्या खेपेलाही वरच होता, आणि शेजारच्या रकान्यात दोन्ही वेळा एकच वाक्य होतं: ‘कन्सेशनेअरला कळवले आहे.’ कन्सेशनेअर म्हणजे तीच कंत्राटदार कंपनी.

आजवा_निमेटा

ओव्हरसियरकाका, हा प्रतिसाद छापून फ्रेम करायला हवा. ‘कन्सेशनेअरला कळवले आहे’ हे आता आमच्या घरी रोज वापरलं जाणार. गॅस संपला? कन्सेशनेअरला कळवले आहे.

सूरसागरकाठी

अवांतर: भागीदारी ही काही आत्ताची गोष्ट नाही. आपल्या गायकवाडी रेल्वेचं काय होतं? मियागाम-डभोई मार्ग खंडेराव महाराजांच्या वेळचा, १८६२ चा. सुरुवातीला डबे बैल ओढत, इंजिन आलं १८७३ मध्ये. रूळ महाराजांचे, गाड्या चालवायला बीबीसीआय रेल्वे कंपनी. मालकी एकाची, चालवणारा दुसरा, आणि हिशेब तपासायला दरबाराची माणसं. डभोईचं नॅरो गेज जंक्शन तर एके काळी जगातलं सगळ्यात मोठं म्हणायचे.

दांडियाबाजारकर

अहो, बैलाला खडबडीतपणा मोजायचं यंत्र लागत नव्हतं, तो स्वतःच उभा राहायचा.

पुणेरी_जावई

धागा पीपीपीचा, चाललाय बैलांवर. वडोदरेकर आणि गायकवाडी, ही जोडी तुटणार नाही.

सूरसागरकाठी

जेवायला या मग, डभोईलाच नेतो. बैलगाडीने.

खातेवही

मूळ मुद्द्याकडे येते. हालोल रस्त्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १५ ऑगस्ट २०१६ पासून राज्याच्या टोल रस्त्यांवर मोटारींना आणि एसटीच्या बसना टोल माफ झाला. आपण सगळे खूश. पण करार तर तीस वर्षांचा, आणि त्यात कंपनीला टोल वसूल करायचा हक्क दिलेला. तेव्हा ती रक्कम सरकार कंपनीला भरपाई म्हणून देतं. नाक्यावर खिडकीत द्यायचे पैसे आता तिजोरीतून जातात, म्हणजे ज्याच्याकडे सायकलपण नाही तोही त्यात आला.

किती गाड्या गेल्या हे मोजून त्याप्रमाणे भरपाई द्यायची. तर मोजणारा कोण, त्याची उलटतपासणी कोण करतो, हाच देखरेखीचा सगळ्यात मोठा भाग. वाहतूक जास्त दाखवली तर थेट सरकारी पैसा जातो. पूर्वी उलटं होतं, टोल वसूल होत असताना वाहतूक कमी दाखवण्यात फायदा असू शकत होता. कारण या पहिल्या पिढीच्या करारांत खर्च आणि त्यावरचा ठरावीक परतावा वसूल होईपर्यंत मुदत वाढत राहते. एका सरकारी निर्णयाने हिशेबाची दिशाच फिरली, आणि त्याबरोबर तपासणीची पद्धतही बदलायला हवी.

हालोल_अपडाऊन

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तर समजत होतो आमची गाडी फुकट जाते.

रावपुऱ्याचा_राजू

फुकट फक्त प्रवचन असतं, आणि त्यातही शेवटी पेटी फिरते.

खातेवही

परताव्याच्या कलमाचं टोक बघायचं तर दिल्ली-नोएडाचा डीएनडी टोलमार्ग. हालोल रस्ता बांधणाऱ्याच समूहाने बांधलेला, २००१ मध्ये सुरू झालेला. २० टक्के परतावा खात्रीचा, वसूल न झालेला भाग खर्चात मिळवायचा. म्हणजे टोल भरत राहा आणि बाकी वाढत राहणार. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये टोल बंद केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. हे ओळखायला कुठल्याही देखरेख यंत्रणेला पंधरा वर्षं लागली नाही पाहिजेत. चक्रवाढ व्याज शाळेत शिकवतात. पण ते पुढे आणलं रहिवाशांच्या संघटनेने, जनहित याचिका करून.

नवा_सिव्हिल

सगळे कंपनीवर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी अशा एका कंत्राटदाराकडे काम करतो (नाव विचारू नका).

सरकारने करारात लिहून दिलेलं असतं की सुरुवातीलाच ८० टक्के जागा ताब्यात देऊ. प्रत्यक्षात तुकड्या-तुकड्याने मिळते, मध्ये एक देऊळ, एक विहीर, एक कोर्ट केस. आमचं यंत्र उभं, व्याज चालू. झाडं तोडायची परवानगी एका खात्याची, विजेचे खांब हलवणं दुसऱ्याचं. आम्ही दाद कुणाकडे मागायची? ज्याने करार केला त्याच्याकडेच? लवाद नेमला आणि आमच्या बाजूने निकाल लागला तरी सरकार वर अपिलात जातं, कारण ‘पैसे देऊन टाका’ अशी सही करायची कुणाची हिंमत नसते. उद्या चौकशी लागली तर?

हालोल रस्त्यावर सुरुवातीच्या वर्षांत वाहतूक अंदाजापेक्षा बरीच कमी आली, कर्जाची फेररचना करावी लागली, हेही सांगा की. आणि एक्स्प्रेसवेचं उलट उदाहरण घ्या. अहमदाबाद-वडोदरा टप्पा घेताना कंपनीने उलट सरकारलाच वर्षाला सुमारे ३१० कोटी द्यायचं कबूल केलं, दरवर्षी पाच टक्के वाढ. पुढे तेही झेपलं नाही आणि हप्ते पुढे ढकलून मागितले. हे अवास्तव बोली लावणाऱ्याचं चुकलंच. पण बोली उघडताना समोर बसलेल्यांना ती अवास्तव दिसली नाही का?

देखरेख करणारी संस्था दोन्ही पक्षांना धरून ठेवणारी हवी. आत्ता ती सरकारचाच एक हात आहे.

निवृत्त_ओव्हरसियर

पोरा, तू म्हणतोस त्यातलं सहीचं खरं आहे. मीही त्या खुर्चीत सही केली नसती.

खातेवही

नवा_सिव्हिल, तुम्ही जे म्हणताय ते जवळपास शब्दशः २०१५ च्या केळकर समितीच्या अहवालात आहे. विजय केळकरांची समिती. त्यांनी सांगितलं होतं की प्रामाणिक चूक आणि भ्रष्टाचार यांत कायद्याने फरक करा, नाहीतर अधिकारी निर्णयच घेणार नाहीत. अडकलेल्या प्रकल्पांसाठी आढावा समिती आणि वेगळं न्यायाधिकरण नेमा. क्षेत्रवार स्वतंत्र नियामक ठेवा. अगदी लहान प्रकल्पांना पीपीपीच्या भानगडीत घालू नका, हेही होतं. (मृणालताई, हे तुमच्यासाठी.) आणि एखादी कंपनी आपणहून प्रस्ताव घेऊन येते, मग इतरांनी त्यावर बोली लावायची, त्या स्विस चॅलेंज पद्धतीला परावृत्त करा, असंही.

शिवाय पीपीपीसाठी ‘थ्रीपी इंडिया’ नावाची राष्ट्रीय संस्था. ती तर २०१४ च्या अर्थसंकल्पातच जाहीर झाली होती, ५०० कोटींची तरतूद सांगून. केळकरांनी ती तातडीने उभी करा म्हटलं. संस्था काही उभी राहिली नाही.

पुणेरी_जावई

केळकर पुण्याचेच. आमचं कुणी ऐकत नाही ही जुनी तक्रार आहे.

सेवउसळ_तर्री_मारके

सासरीपण नाही ना ऐकत?

लेस्टरची_वहिनी

इथे इंग्लंडमध्ये बसून धागा वाचतेय, माहेर वडोदऱ्यातल्या वाडीत. आमच्याकडे हा प्रयोग १९९२ पासून चालला, पीएफआय (प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह) नावाने. रुग्णालयं, शाळा, तुरुंग, सगळं. २०१८ च्या सुरुवातीला इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला: सातशेहून जास्त करार चालू, २०१६-१७ या एका वर्षात १०.३ अब्ज पौंड दिले, आणि २०४० च्या दशकापर्यंत आणखी १९९ अब्ज द्यायचे. त्याच जानेवारीत कॅरिलियन ही मोठी कंत्राटदार कंपनी बुडाली, दोन रुग्णालयं अर्धवट राहिली. ऑक्टोबरमध्ये सरकारने जाहीर केलं, नवे पीएफआय करार बंद.

पण बंद म्हणजे नवे बंद. जुने चालूच आहेत, आणि आता एकेक संपायला लागलेत. इमारत सरकारच्या ताब्यात परत येणार तेव्हा ती कुठल्या अवस्थेत असायला हवी हे करारात असतं, पण परत घेताना तपासणार कोण, यावर इथे धावपळ चालू आहे. तुमच्या हालोल रस्त्याला २००० मध्ये तीस वर्षं धरली तर २०३० जवळ आलं की. परत घ्यायची तयारी कोण करतंय, विचारा.

हालोल_अपडाऊन

वहिनी, अंगावर काटा आला. आणि ताईंनी सांगितलेल्या कलमाने मुदत वाढली असेल तर २०३० की आणखी कधी, हेसुद्धा आपल्याला कळायला हवं.

आजवा_निमेटा

सगळं वाईटच नाही हो. आपलं एसटी डेपोचं बघा, स्टेशनजवळचं. आधीचा डेपो आठवतो? पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नाही, संडासाबद्दल तर बोलूच नका. आता फलाट आहेत, उद्‌घोषणा ऐकू येते, वर दुकानं नि सिनेमा. कंपनीने दुकानांवर पैसे कमवावेत आणि आपल्याला बसायला बाक मिळावा, मला तर सौदा पटतो. माझ्या सासूबाई नडियादची बस चुकली की वर जाऊन आइस्क्रीम खातात.

मृणाल_मांजलपूर

पटतो मलाही. फक्त खाली गाडी लावायचे किती घेतात आणि कोण ठरवतं, ते विचारून या.

आजवा_निमेटा

तिथे मी रिक्षाने जाते, म्हणून एवढी सुखात आहे. :)

निवृत्त_ओव्हरसियर

हालोलभाई, तुमचा पहिला प्रश्न होता, तक्रार कुणाकडे. त्याचं कामाचं उत्तर देतो, बाकी चर्चा होत राहील.

मंडळाकडे जाऊ नका. ते प्रकल्प तपासतं आणि मंजुरीपर्यंत नेतं, रस्ता त्यांच्या ताब्यात नाही. ज्याने करारावर सही केली ते खातं बघा. राज्याचा रस्ता असेल तर मार्ग अने मकान विभाग, म्हणजे रस्ते आणि इमारतींचं खातं. तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. गुजरातेत वीस रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. ‘रस्ता खराब का’ असं विचारू नका, त्याला उत्तर येतं ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’. कागद मागा. एक, देखभालीच्या परिशिष्टाची प्रत. दोन, मागच्या चार तिमाह्यांचे तपासणी अहवाल, खडबडीतपणाच्या तक्त्यासह. तीन, त्या अहवालांवर खात्याने कंपनीला पाठवलेली पत्रं आणि लावलेला दंड.

तिसऱ्याच्या उत्तरात ‘निरंक’ आलं तर ते कात्रण करून ठेवा.

खातेवही

चौथं जोडा: टोलमाफीपोटी वर्षवार दिलेली भरपाई, आणि ती ज्या वाहनगणनेवर दिली तिची प्रत. पाचवं, करार कोणत्या तारखेला संपतो असं खातं धरून चाललंय, आणि हस्तांतरणाआधीची तपासणी केव्हा ठरली आहे. ही ओळ लेस्टरच्या वहिनींच्या नावाने.

मृणाल_मांजलपूर

मी महापालिकेत तसाच टाकते. पीपीपीवर दिलेले सगळे तलाव, बागा, पार्किंग यांची यादी, आणि प्रत्येकासमोर तपासणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचं पद. नाव नको, पद पुरे.

हालोल_अपडाऊन

मसुदा आज रात्री टाकतो. ओव्हरसियरकाका, अर्ज गुजरातीत लिहू की इंग्रजीत?

निवृत्त_ओव्हरसियर

गुजरातीत. आणि टाइप करून, एका अर्जात एकच रस्ता. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.